रकाना सहावा

विशाखानं तिकीट पाठवलं तेव्हा मी म्हटलं,
दरी पाहायला एवढ्या दूर कशाला?
ती तिकडं तांब्याच्या खाणीत इंजिनिअर.
म्हणाली, बाबा, दोनच दिवसांची सहल,
गाइड सोबत असतो, तुम्ही फक्त बसून राहा.

पहाटे तीनला गाडी.
गाइडचं नाव ईसिद्रो, वयानं आमच्या उईकेएवढा,
डोक्याला लोकरीची कानटोपी, हातात यादी.
दोन जर्मन बाया, एक नवं जोडपं, आणि मी,
वनपाल, सेवानिवृत्त, जिल्हा नागपूर.
त्यानं एकेकाच्या तळहातावर वाळली पानं ठेवली.
गालात धरा, म्हणाला, दम लागणार नाही.
तीस वर्षं खर्रा धरलेला गाल माझा,
त्याला शिकवावं लागलं नाही.

खिंडीत पाटी होती: चार हजार नऊशे दहा मीटर.
आपलं नागपूर तीनशेच्या थोडं वर.
उतरून वीस पावलं टाकली
आणि छातीत कोणी सुतळीनं पोतं शिवायला बसलं.

मग दरी.
पलीकडच्या उतारावर पायरी-पायरीची शेतं,
डोंगराला निऱ्या घातल्यासारखी.
तळाशी नदी, आवाज न पोचणारी.
सगळ्यांनी कॅमेरे वर धरले.
ईसिद्रो म्हणाला, वर नका पाहू. खाली पाहा.
ऊन तापलं की ते खालून येतात.

उभी नोकरी मी मान वर करून काढली होती.
त्या दिवशी पहिल्यांदा
गिधाडाची पाठ पाहिली.

कुंतुर, तो म्हणाला.
पंख हलला नाही. नुसता वारा पिसांतून फाटत गेला,
कोरं कापड फाडावं तसा.
एक. मग तीन. बोटांची पेरं आपोआप सरकू लागली.
अकरा.

आमच्या नोंदवहीचा सहावा रकाना: गिधाडे, दिसलेली संख्या.
सत्त्याण्णवला भांडेवाडीत एका मेल्या बैलावर
मी चाळीस मोजली होती, नाक दाबून, शिव्या देत.
मग बारा. मग दोन.
मग तो गोल आकडा.

मोडक्या इंग्रजीत विचारलं,
तुझ्या लहानपणी किती होते?
तो थांबला. तेव्हा कोण मोजतं, म्हणाला,
आम्ही दगड मारायचो.
मोजायला लागलो तुम्ही लोक आल्यावर.
मग यादीवर टिक केली: अजून दहा मिनिटं.

त्या दहा मिनिटांत त्याला एक सांगायचं होतं.
इंग्रजी पुरलं नाही.
की शेवटची चार वर्षं मी भांडेवाडीला गेलोच नाही.
एक तारखेला, चहा यायच्या आधी,
पंख्याखाली बसून शून्य लिहिलं.
शून्य लिहायला काय जातं.
खाली सही तेवढी लागते.

हॉर्न वाजला.

आता मे. शेचाळीस.
कूलरमध्ये पाणी भरून राहिलो होतो, तर उईकेचा फोन.
साहेब, सहाव्यात काय टाकू? शून्यच न?
मागं पंख्याचा आवाज, ओळखीचा, एक पातं घासणारा.
पाहून आला का?
एवढ्या उन्हात? काऊन, काही आहे का तिकडं आता?
मी म्हटलं, मला माहीत नाही.
हे वाक्य मी खात्यात असताना कधी बोललो नव्हतो.

कुठं चालले जी भर दुपारी, हिनं विचारलं.
दुपट्टा दे, म्हटलं, अन् ती दुर्बीण.
झीरो माइलच्या सिग्नलला स्कूटर बंद पडली,
दोन किका मारून सुरू झाली.

ढिगाऱ्यावर चढलो. वास तोच.
घारी. बगळे. एक कुत्री, चार पिलांसकट.
मान सवयीनं वर गेली होती.
मग आठवलं, आणि कडेला जाऊन
खाली पाहत उभा राहिलो.
खाली प्लास्टिक, धूर, वितळल्यागत हलणारी हवा.
ऊन तर केव्हाचं तापलं होतं.

उईकेला फोन लावला.
थांब, म्हटलं. अजून लिहू नको.